टेकायचं, बसायचं नाही

मी एक लाकडी स्टूल बोलतोय. उंची सव्वा फूट, पाय चार, पाठ नाही. सुताराने मला फळीवरचं सामान काढायला म्हणून बनवायला घेतलं, पण मापात चुकला आणि मी बुटका निघालो. "हे कुणाच्या कामाचं?" म्हणत त्याने मला दाराबाहेर ठेवलं. शेजारी व्यायामशाळा चालवणाऱ्या ताईंनी माझ्याशी आपला गुडघा लावून पाहिला आणि म्हणाल्या, "माझ्या कामाचं."

तेव्हापासून मी बैठका मारणाऱ्यांच्या मागे उभा असतो. आपण किती खाली गेलो, हे माणसाला कळत नाही. अर्ध्यावरून परतलेलाही पूर्ण खाली जाऊन आल्यासारखा घाम पुसतो. मी जागचा हलत नाही. कंबर मला टेकली तर बैठक झाली, नाही तर नाही.

एक दिवस साठीच्या मावशी आल्या. घरात घसरून पडल्या होत्या. हाड मोडलं नव्हतं, पण दोन तास उठताच आलं नाही. लेक म्हणाली होती, "आई, एकटं राहणं पुरे. माझ्याकडे चल." मावशींना आपलं घर सोडायचं नव्हतं. त्यांनी तीन महिने मागून घेतले. तेवढ्या वेळात कुणाचा हात न धरता जमिनीवरून उठून दाखवायचं, असं ठरलं. त्यांनी देवासमोर नेम धरला, रोज वीस बैठका.

पहिल्याच दिवशी "लाकूड टोचतं गं" म्हणत त्यांनी माझ्यावर शाल घडी करून ठेवली. आठवड्याने घड्या वाढल्या, मग उशी आली. वीसचा आकडा एकदाही चुकला नाही. नेम मोडला नव्हता, फक्त वर वर सरकत गेला होता.

महिन्याने ताईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी उशी काढली.

"मावशी, या वीस कुणाच्या? तुमच्या की उशीच्या?"

"अगं, देवाला शब्द दिलाय. आकडा कसा मोडू?"

"देवाने आकडा मागितला होता?"

"नाही. मीच बोलले. मागितलं होतं ते एवढंच, की उठता येऊ दे."

"मग आज एकच करा. पण पूर्ण. दोन पायांत खांद्यांइतकं अंतर, चवडे किंचित बाहेर, टाचा जमिनीला. गुडघे आत पडू द्यायचे नाहीत. आणि टेकायचं, बसायचं नाही. टेकलं की वर."

मावशी माझ्यावर धप्पकन आदळल्या. "हात टेकले बाई मी!"

"हात नको, कंबर टेका."

त्या दिवशी एकही झाली नाही. चौथ्या दिवशी एक झाली. मग तीन, मग सात. पुढे छातीशी पाच किलोचं डंबेल धरून त्या मला पाखरासारख्या टेकायच्या आणि उठायच्या. वीस मात्र पुन्हा कधी झाल्या नाहीत.

तीन महिने भरले तशी लेक आली. मावशी जमिनीवर बसल्या. एक पाऊल पुढे रोवलं, टाच दाबली आणि उठल्या.

"परत कर," लेक म्हणाली.

मावशींनी परत केलं. लेकीने डोळे पुसले. मग खांद्यावरची पर्स सावरत म्हणाली, "यात एवढं काय आहे?" आणि माझ्यापुढे उभी राहिली. टाचा उचलल्या, गुडघे आत पडले आणि ती अख्खी माझ्यावर कोसळली. माझा एक पाय करकरला.

"बाई गं," मावशी शांतपणे म्हणाल्या, "आता तूच चल माझ्याकडे राहायला."

मावशी घरी आता प्रार्थनेला खुर्ची घेत नाहीत, जमिनीवरच बसतात, असं ऐकतो. त्यांना माझी गरज उरली नाही. लेक मात्र दर सोमवारी येते. माझा तो पाय अजून करकरतो, पण उंची तीच आहे. कृपा करून माझ्यावर उशी ठेवू नका, एवढंच मागणं. लेक अजून चार बोटं वरूनच परत जाते.

मी आहे इथेच.