पाच नंबर, सकाळी अकरा

त्या इमारतीत नऊ खोल्या होत्या आणि नऊच्या नऊ चाव्या इमारत सांभाळणाऱ्या बाईच्या कमरेला लटकत असत, म्हणून तिथली पोरं तिला चावीमावशी म्हणायची. राहतं घर गेलेल्या कुटुंबांना पुन्हा बस्तान बसेपर्यंत वर्षभर राहायला मिळावं, यासाठी एका संस्थेने चालवलेली ती जागा. नळ गळला तर मावशी, पोरांची जुंपली तर मावशी, एखाद्या आईला रडायचं असलं तर समोर चहा घेऊन बसायलाही मावशीच. तोंडाने फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही. खोड म्हणाल तर एकच होती. आपण माणूस नुसता पाहिला की ओळखतो, असा तिचा पक्का समज होता.

पाच नंबरमधल्या बाईला तिने पहिल्याच आठवड्यात ओळखून टाकलं. त्या बाईला सगळे गुंडीची आई म्हणत. गुंडी म्हणजे तिची सात वर्षांची मुलगी. सकाळी आठच्या ठोक्याला मायलेकी बाहेर पडत, आईच्या दोन्ही खांद्यांना गच्च भरलेल्या पिशव्या आणि गुंडीच्या पाठीवर दप्तर. परत यायच्या त्या संध्याकाळी सहाला. शनिवार नाही, रविवार नाही. कुणाशी बोलणं नाही की कुणाच्या दारात टेकणं नाही.

"हिला दुसरीकडे थारा आहे," मावशी जिना झाडणाऱ्या बाईला म्हणाली. "रोज उठून सगळं सामान घेऊन जातं का कुणी? इथे नुसती जागा अडवून ठेवलीये. लिहून ठेव."

जिना झाडणारीने काही लिहून ठेवलं नाही, मावशीने मात्र लिहिलं. दर बुधवारी सकाळी अकराला तिची फेरी असे. दार वाजवायचं, उत्तर नाही आलं तर चावीने उघडायचं, दिसेल ते वहीत लिहायचं. पाच नंबरमध्ये काय दिसायचं? गादीवरची चादर पहिल्या दिवशी मावशीने घातली होती तशीच, एक सुरकुती नाही. कपाट रिकामं. शेगडी कोरी करकरीत. 'खोली रिकामी. वापर नाही.' सलग तीन बुधवार तिने हेच लिहिलं.

तिसऱ्या बुधवारी संस्थेच्या मॅडमचा फोन आला. खोली कुणाला द्यायची ते मॅडम ठरवत.

"मावशी, यादीत पुढे एक जोडपं आहे. जुळी बाळं आहेत, चौघं जण गाडीत झोपतात. तुमच्या नोंदी बघता पाच नंबर काढून घ्यावा लागेल. शनिवारी अकराला येते, त्या बाईंना समोरच सांगू."

"या की," मावशी म्हणाली. तिला काही वाईट वाटलं नाही. गाडीत झोपणारी बाळं मात्र डोळ्यांसमोर आली.

शुक्रवारी दुपारी ती गुडघा दाखवायला मोठ्या इस्पितळात गेली. नंबर मिळाला बेचाळीस, आणि आत चालू होता एकोणतीस. बसायला जागा शोधताना शेवटच्या बाकावर तिला गुंडी दिसली. मांडीवर वही घेऊन उतारा लिहीत होती. शेजारी आई, पायाशी त्या दोन पिशव्या.

"कोण आजारी पडलं गं?" मावशीने विचारलं.

"कुणी नाही," गुंडी मान वर न करता म्हणाली. "शाळा सुटली की आम्ही इथेच असतो. आज हाडांचा वार. सोमवारी डोळ्यांकडे बसतो, मंगळवारी कान-नाक-घसा. रोज एकाच ठिकाणी बसलं तर रखवालदार काका विचारतात."

गुंडीची आई ताडकन उभी राहिली होती. तोंड पांढरंफटक.

"मावशी, आम्ही आठलाच निघालो होतो. एक दिवस उशीर केला नाही. गादीलाही हात लावला नाही, खाली चादर टाकून झोपतो. काही चुकलं का आमचं?"

"आठला निघा म्हणून कुणी सांगितलं तुला?"

"सांगायचं काय त्यात?" बाई गोंधळली. "याआधी चार निवाऱ्यांत राहिलो. सगळीकडे तसंच असतं. आठच्या आत बाहेर, सामानासकट. राहिलेलं फेकून देतात. एकदा हिला ताप होता म्हणून वीस मिनिटं उशीर झाला, तर त्या रात्री आत घेतलं नाही."

मावशी तिच्या शेजारी बाकावर बसली. पहिल्या दिवशी तिने या बाईला चौदा नियम घडाघडा म्हणून दाखवले होते. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, नऊनंतर पाहुणा नाही, जिन्यात कपडे वाळत घालायचे नाहीत. चौदाच्या चौदा नकार. दिवसा घरात बसायचं असतं, हे सांगायचं तिला सुचलंच नव्हतं. आपलंच थोबाड फोडून घ्यावं असं तिला वाटलं.

"बेचाळीस!" आतून हाक आली. मग पुन्हा आली. मावशी हलली नाही.

"अगं पोरी, ती खोली तुझी आहे," ती म्हणाली. "दिवसाची पण."

"रविवारची पण?" गुंडीने विचारलं.

"रविवारी तर दुपारपर्यंत लोळायचं."

मग तिने वहीची गोष्ट सांगितली. लपवून ठेवणं तिला जमणारं नव्हतं. "तुझी खोली जायची वेळ आलीये, आणि ती माझ्या लिहिण्यामुळे," असं तिने सांगून टाकलं. गुंडीच्या आईने पिशव्या पोटाशी ओढून घेतल्या आणि एवढंच विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

मावशीने तिथूनच मॅडमना फोन लावला.

"फोनवर नको," मॅडम म्हणाल्या. "तीनदा तुम्हीच लिहिलंय, मावशी. डोळ्यांनी बघते आणि ठरवते. मला त्या बाळांचंही बघायचंय."

शनिवारी आठला पाच मिनिटं असताना मायलेकी सवयीने पिशव्या घेऊन खाली उतरल्या. फाटकात मावशी दोन्ही हात पसरून उभी होती. "वर," ती म्हणाली. "मागे फिरा." त्या निमूट मागे फिरल्या. त्यानंतर पाच नंबरमधून ना भांड्याचा आवाज, ना बोलण्याचा. दहा वाजले तसं मावशीच्या मनात पाल चुकचुकली. मागचं दार उघडंच असतं. गेल्या तर नसतील?

अकराला मॅडम आल्या, टाचांचे बूट वाजवत. दार वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं.

"उघडा, मावशी."

मावशीचा हात कमरेपाशी गेला आणि तिथेच थांबला.

"नाही," ती म्हणाली. "आत माणसं राहतात. त्यांची ती उघडतील."

"आणि नसतील तर?"

मावशीने चाव्यांचा जुडगा मुठीत धरला. दोघी उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने कडी सरकली आणि दार वीतभर उघडलं. गुंडीची आई. केस सुटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. तिने मॅडमना पाहिलं, त्यांच्या हातातली फाइल पाहिली. आता ही पिशव्या उचलणार, मावशीला वाटलं. पण बाईने एकदा मागे वळून गादीकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"पोर झोपलीये," ती कुजबुजली. "जरा नंतर याल का?"

आणि तिने दार हलकेच लावून घेतलं.

मॅडम त्या बंद दाराकडे बघत राहिल्या. मग वाकून त्यांनी पायातले बूट काढले आणि हातात घेतले.

"त्या बाळांसाठी दुसरीकडे बघते मी. आजच बघते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "साडेबाराला परत आले तर चालेल का त्यांना?"

मावशीने डोळे पुसले.

"उठली की विचारून सांगते."