एकोणसत्तर

सुपरमार्केटात साबणांच्या फळ्यांशी पोहोचताच तिची चाल मंदावली. तिने ट्रॉलीचा दांडा घट्ट धरला. बाबा पुढे चालले होते, हात पाठीशी बांधून, माल पारखायला निघाल्यासारखे.

स्वतःच्या दुकानात खिळे, बिजागऱ्या, नळ विकण्यात त्यांचा जन्म गेला. बाजारात त्यांना 'काटा' म्हणत. समोरच्याने भाव सांगायचा अवकाश, नगाला किती पडले ते बाबांच्या ओठांवर तयार असे. पण मध्यंतरी ते शेगडी चालू ठेवून झोपी गेले. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले, तर म्हणाले, "आधी तुमची फी वजा करतो, काही उरलं तर पुढचं बघू." डॉक्टर हसले, भाऊ हसला. बाबांनी उत्तर दिलेच नव्हते, हे फक्त तिच्या लक्षात आले.

भावाचे म्हणणे, त्यांना आता एकटे ठेवायचे नाही, घर बंद करायचे. तिने आज त्याला काय ते सांगायचे होते; त्याआधी बाबांना स्वतः पारखायचे होते.

ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. प्रयोग तिने विचार करून मांडला होता. धुण्याच्या पावडरची किलोची पिशवी १४५ला, वर 'महाबचत'चा लाल गोल. शेजारी अर्ध्या किलोची, ६९ला. दोन लहान घेतल्या तर सात वाचत होते. असली लबाडी बाबा लांबून हेरत.

"बाबा, कुठली घेऊ?"

ते लेबलाशी वाकले. "एकोणऐंशी. दोनचे एकशे अठ्ठावन्न. मोठी घे. या खेपेला खरं बोलतायत लेकाचे."

हिशेब चोख होता. आकडाच चुकीचा वाचला होता. पण एका वाचनावरून निष्कर्ष काढायचा नसतो. सहाचा सात दिसला असेल.

"सहा आणि नऊच आहेत ना?"

"मग? सहावर नऊ, एकोणऐंशी. कॉलेजात शिकवतेस ना तू?"

लहानपणी ती याच आकड्याला चुकायची, एकोणसाठ म्हणायची. बाबा तिला गल्ल्याशेजारी बसवून सांगत, "एकोण म्हणजे एक उणा, पोरी. डोळ्याला सहा दिसला तरी जिभेने सत्तराचं नाव घ्यायचं." आता त्यांची जीभ सत्तरावर थांबत नव्हती, पुढे निसटत होती.

तिने मोठी पिशवी ट्रॉलीत टाकली. तिच्या गप्प राहण्यानेच बाबा थबकले असावेत. ते परत फळीशी गेले. बोट अंकांवर ठेवून पुटपुटू लागले.

"सदुसष्ट... अडुसष्ट..."

बोट तिथेच राहिले. त्यांनी मान वळवली. गल्ल्याशेजारी बसून ती त्यांच्याकडे बघायची, तसे ते तिच्याकडे बघत होते.

"पुढे काय गं?"

"एकोणसत्तर, बाबा."

त्यांनी मोठी पिशवी काढून जागेवर ठेवली, दोन लहान उचलल्या. एक हातातून सुटली. ती तिने झेलली.

"आज दादाला सांगायचंय ना तुला?"

हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. तिने झेललेली पिशवी ट्रॉलीत ठेवली.

"शेगडी घेऊन जा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "दुकानाची किल्लीही घे. घर तेवढं राहू दे."

जन्मभर घासाघीस केलेल्या माणसाने पहिल्याच बोलीत सगळे देऊन टाकले होते. तिचे उत्तर येईपर्यंत ते पिशवीवरच्या ६९कडे बघत राहिले, ओठ न हलवता.