अकरा किलोमीटर

०.०
सकाळी दुबईकडच्या हत्ता गावातला जुना किल्ला पाहून ते डोंगरात शिरले. डांबरी रस्ता सुटला तिथे सदानंदने मीटर शून्यावर आणला होता. डोंगरातल्या पाण्याच्या कुंडापाशी पोचेपर्यंत अकरा किलोमीटर झाले. परत निघताना अनुपमाने तो पुन्हा शून्यावर आणला. तेवढं तिला येत होतं. बाकी गाडी येत नाही, हे शारजाच्या पोलिसांनी ड्रायव्हिंग टेस्ट घेऊन पाच वेळा लिहून दिलं होतं.

शेजारी सदानंद रेलून पडला होता. शर्ट घामाने चिंब, डावा हात छातीशी.
"पित्त आहे गं. किल्ल्यात बसून भजी खाल्ली ना."
"पित्ताने हात दुखत नाही."
"ममा, यू डोन्ट हॅव अ लायसन्स," मागून नऊ वर्षांची शुभ्रा म्हणाली.
"माहितेय."
मोबाइलला रेंज नव्हती. सकाळपासून या वाटेला दुसरी गाडी फिरकली नव्हती.

टेस्ट पहिली. नापास. चढावर गाडी मागे आली.

१.८
कोरड्या पात्रातले गोटे चाकांखाली सरकत होते.
"सेकंड टाक. क्लच पूर्ण दाब, गिअरबॉक्स खाशील माझा."
ही जुनी जीप त्याने तळहातावरच्या फोडासारखी जपलेली. अनुपमाला एकदाही चालवायला दिली नव्हती.

दुसरी, तिसरी. नापास. कारण तेच.

४.६
चढाच्या मधोमध शेळ्या. थांबावं लागलं. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. शेळ्या गेल्या. तिने ब्रेक सोडला, गाडी हातभर मागे आली.
"हँडब्रेक ओढ," सदानंद पुटपुटला. "आता ॲक्सिलरेटर. क्लच हळू. गाडी थरथरली की मग सोड."
गाडी थरथरली. तिने सोडला. गाडी वर चढली.

चौथी. नापास. परीक्षक उतरून गेला.

६.९
सदानंद बोलेनासा झाला.
"अहो."
डोळे मिटलेले. वाट इतकी अरुंद की थांबून त्याला हलवायचीही सोय नव्हती. तिने क्लच अर्धाच दाबला आणि गिअर ढकलला.
खर्रर्र.
"क्लच..." सदानंद म्हणाला.
"यू डिड दॅट ऑन पर्पज," शुभ्रा म्हणाली.
"हो."

७.७
खर्रर्र.
"अगं, क्लच."

८.५
खर्रर्र.
"क्लच."

९.६
खर्रर्र.

९.७
खर्रर्र.

९.७
खर्रर्र.
"...बाई गं."

पाचवी. नापास. शेरा: गिअर नीट बदलत नाही.

११.०
डांबर. पुढे पोलीस चौकी. तरुण पोलिसाने हात केला.
"लायसन्स?"
"नहीं है."
त्याने वाकून सदानंदकडे पाहिलं आणि वही खिशात घातली. "पीछे बैठो, मॅडम. हॉस्पिटल नजदीक है. यल्ला, चलो."

तो चालवायला बसला. फर्स्ट, सेकंड, थर्ड. गिअर लोण्यासारखे पडत गेले. कसलाच आवाज नाही. मागच्या सीटवरून अनुपमाला फक्त सदानंदची कलंडलेली मान दिसत होती.
"अहो."
शुभ्राने तिचा दंड घट्ट धरला.
"अहो."
अनुपमा दोन सीटांच्या मधून पुढे झुकली, पोलिसाच्या हातासकट गिअरचा दांडा धरला आणि ढकलला.
खर्रर्र.
"मॅडम, ये क्या..."
"चुप," ती म्हणाली. "एक मिनट चुप."
तिने दांडा सोडला नाही.
"अनु," पुढच्या सीटवरून अगदी बारीक आवाज आला, "इतका वेळ बरी चालवत होतीस की."