डोंगा आवाज देऊन जाईल

भुरीबाईच्या गळाची दोरी जगदेव नावाड्याच्या डोंग्यानं पाचव्यांदा तोडली, तेव्हा तिनं काठी बाजूला ठेवली, पदराला हात पुसले आणि ठरवलं की आता उठायचंच नाही. तोवर ती उठायच्या विचारात होती, हे तिनं कुणालाही सांगितलं नाही.

अरुणावती नदीच्या या डोहाशी ती गेली अकरा वर्षं बसत होती. तांड्यातली बाकी माणसं कामाला परमुलखात गेली की मागं उरलेल्यांत ही एक. हिचे मासे तांड्यात आणि पलीकडच्या गावात ज्वारीवर जात, आणि त्या ज्वारीवर हिचा पावसाळा निघे. लोकांना वाटे, गळ टाकायला काय लागतं, बसायचं आणि झोप काढायची. खरं काम वेगळंच होतं. श्रावण लागला की रोज दिवस कलताना ती शिजवलेली ज्वारी आणि पेंड मळून त्याचे गोळे एकाच जागी टाकी. महिनाभर असं केलं की रोहू त्या जागेला लागत. मग गळ. म्हणून "बुढे, दुसरीकडं बस ना," असं जो म्हणे, तो गळाला कधी बसला नव्हता हे तिला तिथंच कळे.

असं म्हणणारे यंदा तिनं मोजले, तर सात निघाले. त्यातल्या पाचांनी याच डोहाचे मासे खाल्ले होते.

डोंगा पूर्वी वरच्या अंगानं, काळ्या खडकाजवळून जाई. यंदा दौलतराव पाटलांना वाटलं की डोहावरून जाऊन आपल्या मळ्यापुढंच उतरावं, उगाच चिखलातून चालावं लागतं. पाटलांना वाटलं म्हणजे जगदेवलाही वाटलं. जगदेव माणूस वाईट नव्हता. फक्त पाटील डोंग्यात असले की त्याची मान लांब होई आणि कान आखूड.

"जगदेवभाऊ," भुरीबाईनं त्याला भाद्रपदातच सांगितलं होतं, "यंदाच्या पुरानं डोहातली वाळू नेली. माह्यी दोरी तीन हात जास्त जाऊन राह्यली. तुह्या बांबूले बूड लागनार नाई."

"बावीस साल झाले मले डोंगा हाकून," जगदेव हसला. "आता बाईनं मले पानी शिकवावं का?"

"शिकू नको. पन दोरी त नको तोडू. लांबून आवाज दे, मी उचलतो."

"पाटील बसले असतानी मी तुले आवाज देऊ? काहून? तू का तहसीलदार हायेस?"

पाचवी दोरी तुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी मानोऱ्याचा बाजार होता. डोंग्यात दौलतराव, त्यांची छत्री, चतुराबाई, तिच्या टोपलीतली कोंबडी आणि आणखी चार माणसं. भुरीबाईनं नवी दोरी बांधून गळ टाकला होता. जगदेवनं तिला पाहिलं, एरवी डोहाच्या कडेनं जाणाऱ्या डोंग्याचं तोंड मुद्दाम सरळ डोहाच्या मध्यावर धरलं आणि बांबू दाबला.

बांबू गेला. गेला तो गेलाच. जगदेव खांद्यापर्यंत पाण्यात वाकला, तरी खाली काही लागेना. डोंगा थोडा डुलला, आडवा झाला आणि डोहाच्या पाण्याबरोबर हळूच गोल फिरू लागला.

"हे काय करून राह्यला बे?" दौलतराव म्हणाले.

"काई नाई मालक. फिरून राह्यलो."

"ते दिसून राह्यलं मले!"

डोंगा एक फेरा मारून भुरीबाईच्या समोर आला. तिनं तोवर आपली दोरी शांतपणे गुंडाळून घेतली होती.

"भुरे, मेलो वं माय!" चतुराबाई ओरडली.

"मरत नाई. ह्या डोहानं आजवर कोनाची कोंबडीबी बुडवली नाई. पन पानी कमी होवस्तर फिरवते. दिवाळीपावतर होते कमी."

डोंगा पुढं गेला. पुन्हा समोर आला.

"बूड कुठं हाये ते तुले मालूम हाये ना?" जगदेवनं विचारलं. त्याची मान आता बरीच आखूड झाली होती.

"हाये. पह्यले माह्यं आयक. डोंगा उद्यापासून खडकावरून जाईन."

"अन् मी चिखलातून चालू?" दौलतरावांनी छत्री आपटली. "नदी का तुह्या बापाची हाये?"

"नाई पाटील. माह्या बापाची नाई, तुमच्याबी नाई. म्हनूनच त बोलावं लागते."

डोंगा वळला आणि पाटलांचं उत्तर पलीकडच्या काठाला गेलं. परत आले तेव्हा चतुराबाईनं टोपली पाटलांच्या मांडीवर टेकवली होती आणि कोंबडीनं धोतरावर आपलं मत दिलं होतं.

"हो म्हना ना पाटील!" चतुराबाई कळवळली. "मले बाजार हाये!"

"बरं, खडकावरून," दौलतराव दातओठ खात म्हणाले.

"अन् आवाज," भुरीबाई म्हणाली. "माह्यी दोरी खडकापावतर जाते. डोंग्यानं लांबून आवाज द्याचा, मी दोरी उचलीन. तुमी गेले की टाकीन. कोनाचंच नुकसान नाई."

आता सगळे जगदेवकडं पाहू लागले. पाटलांनी हो म्हणणं वेगळं, आणि नावाड्यानं गळवालीला आवाज देणं वेगळं. त्यानं आणखी एका फेऱ्यात बांबू तीनदा दाबून पाहिला. मग पुटपुटला, "देईन."

"मंग उजव्या अंगाले बांबू धर. आता नाई... आता नाई... टाक! तिथं कपार हाये. माह्ये दोन गळ तिथंच अडकले हायेत."

बांबू खट्‌कन लागला. डोंगा सुटला.

दुसऱ्या दिवशी जगदेव खडकावरूनच आला. पण आवाज नाही. डोंग्यात पाटील होते आणि मान पुन्हा लांब. भुरीबाईनं त्याला येताना पाहिलं आणि दोरी तशीच ठेवली. दोरीला तरंगा म्हणून बांधलेलं मोरपिसाचं देठ पाण्यावर डोंग्याच्या वाटेत आडवं तरंगत होतं.

दोन हातांवर जगदेवनं बांबू रोवला. डोंगा थांबला. तो खोकला.

"पडसं झालं का भाऊ?" भुरीबाईनं विचारलं.

"दोरी उचल."

"कायले? कोनी आलं का? मले त आवाज नाई आला."

डोंग्यातली माणसं पाटलांकडं न पाहता हसू लागली. दौलतराव म्हणाले, "तोड बे दोरी." जगदेवनं बांबू उचलला. भुरीबाई हलली नाही. काठी गुडघ्यावर धरून ती सरळ त्याच्या डोळ्यांत पाहत राहिली. जगदेवनं बांबू पुन्हा रोवला, मान वर केली आणि सगळं पाणी हादरेल असा ओरडला:

"डोंगा आला होऽऽ!"

भुरीबाईनं काठी उभी केली. दोरी पाण्याबाहेर आली. डोंगा तिच्यापुढून गेला, पाटील छत्रीआड गेले. पाणी स्थिर झालं तसा तिनं गळ पुन्हा टाकला आणि त्यांच्या पाठीवर ओरडली,

"उद्यापासून हळू वरड, जगदेवभाऊ! रोहू भेतात!"