पान उलटेपर्यंत

डॉर्कस लम्लीची पन्नाशी यायची होती, पण रंगमंचावर ती कायम साठीची. शब्द लिहिणारे थ्रेलसाहेब प्रत्येक संगीतिकेत एक कुरूप, लग्नाला उतावीळ आत्या घालत, आणि ती आत्या म्हणजे डॉर्कस. तिची तक्रार नव्हती. पण यंदा आत्याला पहिल्यांदाच एकटीचं गाणं मिळालं होतं, आणि आज, पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी, त्यावरच कात्री येऊ घातली होती.

"या चालीवर माणसं हसायची सोडून रडतील!" थ्रेल कडाडले.

"मग शब्द बदला," पियानोवरून संगीतकार फेन म्हणाले. "बाईच्या हनुवट्यांवर किती विनोद करायचे?"

"दोन हनुवट्या, दोन विनोद."

"मी इथंच उभी आहे," डॉर्कस म्हणाली. "आणि मोजायच्याच तर तीन आहेत."

कुणी हसलं नाही. गाणं काढायचं ठरलं. दोन महिन्यांत दोघांचं एकमत झालं ते नेमकं यावर.

डॉर्कसनं पियानोवरची शब्दांची छापील पुस्तिका उचलली. प्रेक्षक ती विकत घेत आणि ओळीवर बोट ठेवून नाटक बघत. पान संपलं की हजार पानं एकदम उलटत, सरीसारखी सळसळ होई, आणि त्यात गाणाऱ्याची ओळ वाहून जाई.

"हे बघा, विनोद सगळे या पानावर संपतात. शेवटच्या दोन ओळी पान उलटल्यावर. थ्रेलसाहेब, हे पान तुमचं, लोकांना लोळवते. मग फेनसाहेब, वाद्यं थांबवून छडी वरच धरायची. पान उलटेपर्यंत. पुढचं पान तुमचं."

"गाणं मध्येच थांबवायचं?" फेननी विचारलं.

"इतक्या वर्षांत मी काही मागितलंय?"

"मंगळवारी चहा मागितला होता," थ्रेल म्हणाले.

"मिळाला का?"

थ्रेल खाली बघू लागले. फेननी पियानोचं झाकण पुन्हा उघडलं.

दुसऱ्या दिवशी हनुवट्यांच्या विनोदांवर गॅलरी हसून लोळली. मग फेनची छडी हवेत थांबली. सळसळ झाली, विरली. त्या शांततेत डॉर्कस हळूच गायली:

"चहाला मी अजून दोन कप मांडते,
एक नुसताच गार होतो."

कुणी खोकलंसुद्धा नाही. मग वरून आरोळी आली, "वन्स मोअर!" आणि सगळं थिएटर ओरडू लागलं.

पहिल्या प्रयोगाला थ्रेल कधीच आत थांबत नसत, नदीकाठानं येरझाऱ्या घालत. आज विंगेत उभे होते. हातात कपबशी.

"लम्लीबाई," ते कुजबुजले, "गार होतोय."

"होऊ दे," डॉर्कस पुटपुटली आणि पुन्हा रंगमंचाकडे वळली. समोर तेच गाणं पुन्हा ऐकायला हजार पानं मागे उलटत होती.