महादेवाच्या वाट्याचं पाणी

बीडच्या दवाखान्यात जायचं म्हटलं की नीलम्मा दोन दिवस आधीपासून निजून राही. जावेला म्हणे, "तेवढं धुणं घे गं माझं, परीक्षा हाय." आणि पास झाले तर नारळ फोडीन, असं महादेवाला बोलून ठेवी.

परीक्षा म्हणजे दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या दोन पिवळ्या पट्ट्या. एकीपासून दुसरीपर्यंत झपाट्यानं चालायचं, डॉक्टरबाई घड्याळ धरायच्या. मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव तिच्या जिभेवर कधी बसलं नाही. डोक्यानं धाडलेला सांगावा पायापर्यंत नीट पोचत नाही, एवढं तिला उमगलं होतं.

आजही ती गार फरशीवरून सरसर गेली.

"छान. मागच्यासारखंच आहे," बाई म्हणाल्या.

तिचे यजमान वैजिनाथअप्पा, धारूरचे किराणा दुकानदार, लगेच खुलले. "असणारच की. रोज चढ चढून महादेवाला पाणी घालती ती. एक दिवस खाडा न्हाई."

नीलम्मानं अप्पांची बाही ओढली. हे बोलणं इथं निघायला नको होतं. त्या चढाला ती दोनदा पडली होती. घरात कळलं असतं तर अप्पांनी तांब्या हातातून काढून घेतला असता, आणि लग्नापासून धरलेला नेम सुटला असता.

डॉक्टरबाईंनी मात्र टेबलावरचा स्टीलचा जग काठोकाठ भरला. "काकू, आता हा घेऊन चाला. घाई नको. महादेवाला नेता तसं."

रिकाम्या हातांनी ती बाईंना फसवू शकत होती. पण महादेवाचं नाव घेऊन दिलेल्या पाण्याशी लबाडी कशी करायची? तिनं डोळे मिटून 'शिव शिव' म्हटलं आणि ती रोजच्यासारखी निघाली. नजर पाण्यावर गेली तसा डावा पाय घासू लागला. खांदा भिंतीला टेकला. दुसऱ्या पट्टीपर्यंत फरशीवर पाण्याची वाकडी रेघ उमटली होती.

"रोज असंच सांडतं?" अप्पांनी हळू विचारलं.

"ऊन असलं की जास्ती. निम्मं पोचतं."

"मला का गं सांगितलं न्हाई?"

"तुमी बंद केलं असतं. म्हणून तर इथं यायच्या आधी दोन दिस निजून राहते."

अप्पा खाली वाकले. गळ्यातला रुमाल काढून त्यांनी फरशी पुसायला घेतली.

"गार, सपाट जागा आणि विसावलेले पाय. यावरून तुमचा चढ मला कसा दिसणार?" बाई म्हणाल्या. "इथून पुढं निजून यायचं नाही. रोजच्यासारखं काम करून, थकून या. पडलात तर तेही सांगा." त्यांनी औषध बदललं. पाऊल उचलून धरायला एक पट्टा लिहून दिला आणि चढाला सोबत हवी म्हणाल्या. नेम सोडा, असं काही म्हणाल्या नाहीत.

घरी येईपर्यंत नीलम्माला धाकधूक होती. पण सकाळी ती न्हाऊन, विभूती लावून बाहेर आली तर अप्पा उंबऱ्यात भरला तांब्या घेऊन उभे, दुकानाचं शटर अजून खाली.

उन्हं तापायच्या आत ती त्यांच्या खांद्यावर हात ठेवून चढली. वाटेत शेजारच्या तुळजाबाईंनी टोकलंच, "अप्पा, तुमी कवा नेम धरला?"

"नेम तिचा हाय. मी नुसता हमाल."

गाभाऱ्याच्या पायरीवर त्यांनी तांब्या तिच्या हातात दिला. तिला तो जड लागला. या पायरीवर भरलेल्या तांब्याची सवयच राहिली नव्हती. तिनं दोन्ही हातांनी तो पिंडीवर कलता केला, तर धार संपेचना.