केसरबाईंचा नंबर

प्रज्ञाने ‘प्रिंट’पुढे कंस टाकला आणि पुन्हा एंटर दाबलं. सौंसरच्या एका मोहल्ल्यातल्या मारुतीच्या ओट्यावर बसलेली सगळी भजन मंडळं लॅपटॉपकडे पाहत होती, जणू आरती त्यातूनच निघणार होती.

“का झालं व?” अध्यक्ष विनायकरावांनी विचारलं.

“काका, पायथॉन ही कॉम्प्युटरची भाषा. प्रोग्राम जुन्या पायथॉनचा आहे, यंदाच्या लॅपटॉपमध्ये नवं. जुन्याला कंस नसला तरी चालायचं. नवं अडून बसते.”

“मंग दे त्याले काय पायजे ते.”

स्पर्धेत आधी कोण गाणार, यात वशिला नको म्हणून प्रज्ञाच्या भावाने, राहुलने, नावं पिसणारा हा प्रोग्राम लिहून दिला होता. मंडळं दरवर्षी तीच. दरवर्षी यादीत विनायकरावांचं मंडळ पहिलं यायचं आणि लोधीखेड्याच्या केसरबाईंचं शेवटचं. त्या उभ्या राहीपर्यंत लोक महाप्रसाद घेऊन घरी पोचलेले असत. समोर फक्त सतरंजी. सगळे म्हणत, नशीब.

यादी उमटली. पहिल्या केसरबाई. शेवटी विनायकराव.

“बिघडलं हे,” विनायकराव म्हणाले. “इतके वर्ष बरोबर सांगत होतं. पुन्हा चालव.”

पुन्हा तेच.

“अजून एक डाव.”

पुन्हा तेच. विनायकरावांनी शेंदराकडे पाहून हात जोडले. “त्याच्याच मनात असंन तर आपण काय करून राहिलो मंधात.”

प्रज्ञाचा हात मात्र थांबला. पिसलेले पत्ते दर डावाला तसेच कसे येतील? तिने प्रोग्राम वर सरकवला. पिसणं ज्या आकड्यावरून सुरू होतं, तो राहुलने तपासणीपुरता बांधून ठेवला होता आणि काढायला विसरला होता. आकडा तोच, म्हणून पिसणंही तेच. जुन्या पायथॉनमध्ये त्यातून एक क्रम निघायचा, नव्यात दुसरा, आणि आता दरवर्षी हाच निघणार होता. देवाचा यात हात नव्हता. दादाचा होता.

एक ओळ खोडायची होती. कर्सर तिथे लुकलुकत होता.

केसरबाई जवळ आल्या. “बाई, खरंच पयला नंबर हाये का बिघाड हाये? आत्ताच सांगून दे. चढून मंग उतराची लाज वाटते.”

“बिघाड होता, मावशी,” प्रज्ञा म्हणाली. “जुना.”

तिने लॅपटॉप मिटला.

केसरबाईंनी पदर खोचला. ओटा भरलेला होता, पायऱ्यांवरही माणसं होती. त्या मागे वळून आपल्या बायांना हळूच म्हणाल्या, “दबून नका गाऊ व. आज लोकं हायेत.”